तीन मीटरचं पान आणि दीड फुटाचा कागद

लंडनच्या क्यू उद्यानात येणारे बहुतेक प्रवासी काचघरं बघतात, हिरवळीवर बसतात आणि संध्याकाळी परततात. क्यूचं हर्बेरियम त्यांच्या वाटेवर येत नाही. क्यू ग्रीन नावाच्या मैदानाच्या टोकाला, उद्यानाच्या जुन्या मुख्य दरवाजाशेजारी, विटांच्या इमारतींमध्ये ते आहे. तिथं तिकीट काढून जाता येत नाही. काय बघायचं आहे आणि कशासाठी, हे आधी लिहून कळवावं लागतं. मी कळवलं होतं की मला 'व्हिक्टोरिया' बघायची आहे. परातीसारख्या उभ्या काठाची प्रचंड पानं पाण्यावर पसरणारी, जिच्या पानावर लहान मूल बसवून काढलेले फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात, ती दक्षिण अमेरिकेतली कमळवर्गीय वनस्पती. मला तिची पानं तळ्यात नव्हे, कागदावर बघायची होती.

आतली जुनी दालनं बघताच मान वर जाते. मधोमध मोकळी जागा, भोवती मजल्यावर मजले चढत गेलेले सज्जे, लोखंडी खांब, गोल वळत जाणारे जिने आणि प्रत्येक सज्ज्यात लाकडी कपाटांच्या रांगा. या कपाटांमध्ये सुमारे ७० लाख नमुने आहेत. नमुना म्हणजे काय, तर दाबून वाळवलेली वनस्पती, जाड कागदावर चिकटवलेली किंवा टाचलेली, आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी. गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा क्रमांक, तारीख, ठिकाण, आणि वाळल्यावर जे दिसणार नाही ते सगळं: फुलाचा रंग, वास, झाडाची उंची, पायाखालची जमीन, पाण्याची खोली. आपल्याकडे बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने जुन्या वर्तमानपत्रांत पानं दाबून अशा शीट केलेल्या असतात. पद्धत तीच आहे, अगदी तीच. क्यूमध्ये फरक आहे तो काळाचा. दोनशे वर्षांपूर्वी वाळवलेली फांदी आणि गेल्या वर्षी आलेली फांदी तिथं एकाच कपाटात शेजारी ठेवलेल्या सापडतात.

माझ्यासमोर फाइली आल्या आणि अडचण काय आहे ते पहिल्याच कागदावर कळलं. हर्बेरियमचा कागद साधारण ४२ सेंटिमीटर लांब असतो. व्हिक्टोरियाचं पान दोन मीटरचं तर सहज होतं, तीन मीटरपर्यंतही जातं. खालच्या बाजूने हाताच्या बोटाएवढ्या जाड शिरांची जाळी, तिच्यावर टोकदार काटे, शिरांच्या आत हवेच्या पोकळ्या. देठ काही मीटर लांब, तोही काटेरी. फूल पाण्याने भरलेलं, नारळाएवढं. हे दाबायचं कसं? मग गोळा करणारा पानाचा एक तुकडा कापतो, काठाचा एक, देठाचा एक काप, कळी उभी चिरून अर्धी. काटे कागद फाडतात. फूल वाळायच्या आधी कुजतं. हाती उरतात तपकिरी तुकडे, आणि ते पानाच्या नेमक्या कुठल्या भागातले, हे चिठ्ठीत लिहिलेलं नसेल तर पुढच्या माणसाला कळायला मार्ग नाही. ताड-माडांचीही हीच गत आहे. म्हणूनच ताडाचा चांगला नमुना चार-पाच कागदांवर विभागलेला असतो आणि झावळीचं टोक, मध्य आणि बुंधा यांची वेगवेगळी नोंद असते. पण बहुतेक संग्राहक होडीत, भर उन्हात, डासांमध्ये उभे असतात. मोठं झाड दिसलं की ते पुढे सरकतात आणि शेजारची छोटी औषधी वनस्पती उपटून घेतात. जगभरच्या हर्बेरियममध्ये सुटसुटीत वनस्पतींच्या नोंदी भरपूर आहेत आणि अवजड वनस्पतींच्या तुटपुंज्या, याचं कारण इतकं साधं आहे.

व्हिक्टोरियाच्या बाबतीत या साध्या कारणाचा परिणाम पावणेदोनशे वर्षं टिकला.

कागदावर न आलेल्या माणसापासून ही गोष्ट सुरू होते. थाडेउस हेंके हा बोहेमियात जन्मलेला निसर्गअभ्यासक १८०१ साली बोलिव्हियातल्या मामोरे नदीवर होता. सोबत ला कुएवा नावाचे पाद्री होते. ही वनस्पती दिसताच हेंके गुडघ्यांवर बसला, असं त्या पाद्रींनी पुढे अल्सीद दोर्बिन्यी या फ्रेंच प्रवाशाला सांगितलं. हेंकेने तिच्याविषयी काही छापलं नाही. बोलिव्हियातच त्याचा अंत झाला. नमुना नाही, वर्णन नाही. उरली ती फक्त ऐकीव गोष्ट. दोर्बिन्यीने स्वतः ती १८२७ साली पाराना नदीच्या खोऱ्यात, आजच्या अर्जेंटिनात पाहिली. पानं, फुलं, फळं त्याने पॅरिसला पाठवली, पण त्यांचं वर्णन तिथं कुणी केलं नाही. तिथले ग्वारानी लोक तिला इरुपे म्हणत. स्पॅनिश बोलणारे 'पाण्यातला मका' म्हणत, कारण तिच्या बिया भाजून आणि दळून खाल्ल्या जात.

१८३२ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पोएपिग यांनी अॅमेझॉनमधल्या वनस्पतीचं वर्णन छापलं आणि तिला 'युरिआले' या प्रजातीत घातलं. हे वाचताना मी थांबले, कारण युरिआले म्हणजे आपला मखाना. उपवासाला तुपात परततो तो मखाना याच कमळकुळातला, व्हिक्टोरियाचा सख्खा नातेवाईक. तीच काटेरी पानं, त्याच खाण्याजोग्या बिया. पोएपिग चुकले असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. नातं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पुढे १ जानेवारी १८३७ रोजी रॉबर्ट शॉम्बुर्क यांना ब्रिटिश गयानातल्या बर्बीस नदीवर ती दिसली. त्यांनी चित्रं आणि नमुने लंडनला पाठवले. नमुने खराब होऊन पोहोचले, चित्रं मात्र उत्तम होती. त्या चित्रांच्या आधारावर जॉन लिंडले यांनी त्याच वर्षी नवी प्रजाती जाहीर केली आणि नुकत्याच गादीवर आलेल्या राणीचं नाव तिला दिलं. १८४० साली दोर्बिन्यीने दुसरी जाती जाहीर केली, 'व्हिक्टोरिया क्रुझियाना'. हे नाव त्याच्या मोहिमेला मदत करणाऱ्या बोलिव्हियाच्या आंद्रेस दे सांता क्रूझ या राष्ट्राध्यक्षांचं. अशा दोन जाती ठरल्या: अॅमेझॉनची 'अॅमेझॉनिका' आणि पारानाची 'क्रुझियाना'. बोलिव्हियातली वनस्पती यातली कुठली, हे प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे ठरवलं.

आता थॉमस ब्रिजेस हा इंग्लिश वनस्पतिसंग्राहक. या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो. १८४५ साली तो बोलिव्हियाच्या बेनी भागात, याकुमा नदीकाठच्या सांता आना गावात मुक्कामाला होता. घोड्यावरून जंगलाच्या कडेने जाताना एका तळ्यात त्याला ही पानं दिसली. पाण्यात उडीच टाकायच्या बेतात होता, पण सोबतच्या स्थानिक माणसांनी अडवलं, कारण तळ्यात मगरी होत्या. मग गावातून छोटी होडी आणवली. होडीत एका वेळी दोनच पानं मावत. फेऱ्या झाल्या. काठावर आल्यावर एकेका पानाचे देठ दोरीने लांब काठ्यांना बांधले आणि दोन-दोन माणसांनी त्या काठ्या खांद्यावर घेऊन पानं गावात आणली. काही फुलं त्याने मद्यार्कात बुडवून ठेवली. बिया ओल्या मातीत घालून इंग्लंडला नेल्या. क्यूने त्या विकत घेतल्या, त्यांतल्या दोन रुजल्या, हिवाळा येईपर्यंत टिकल्या आणि पुढे मेल्या.

त्या दोन रोपांपाशी मन अडकतं. ती जगली असती आणि फुलली असती, तर ही वनस्पती गयानाच्या वनस्पतीहून वेगळी आहे हे क्यूच्या माळ्यांना तेव्हाच दिसलं असतं. झालं असं की १८४९ साली गयानाहून बिया स्वच्छ पाण्याच्या कुप्यांमध्ये आल्या. व्हिक्टोरियाचं बी सुकलं की मरतं, पाण्यात राहिलं की तगतं. ती गोष्ट तेव्हा उमगली. त्या बियांची रोपं वाढली. त्यांतलं एक चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्याच्या हाती गेलं आणि नोव्हेंबर १८४९ मध्ये फुललं. पॅक्स्टनने आपल्या छोट्या मुलीला पानावर उभं केलं, वर्तमानपत्रांनी ते चित्र छापलं, आणि पानाखालच्या शिरांच्या रचनेवरून प्रेरणा घेऊन त्याने पुढे लंडनमधल्या १८५१ च्या प्रदर्शनाचा काचमहाल उभारला, ही कथा सर्वांना माहीत आहे. युरोपच्या बागांना माहीत झाली ती गयानाची व्हिक्टोरिया. बोलिव्हियाची क्यूच्या कपाटात कागदावर राहिली. क्यूने स्वतः व्हिक्टोरियासाठी १८५२ साली वेगळं काचघर बांधलं. ते आजही आहे आणि उन्हाळ्यात उघडं असतं.

हर्बेरियममधून मी थेट तिकडेच गेले. चौकोनी घर, मधे गोल टाकी, हवेत दमट ऊब. इथं रोपं दरवर्षी बीपासून नव्याने वाढवतात. कागदावरचे तुकडे नुकतेच पाहिलेले असल्याने पान बघताना डोळे वेगळं शोधत होते: काठ किती उंच आहे, काठाला पाणी निथळायची खाच कुठे आहे, कळीवर काटे कुठवर आले आहेत. फूल संध्याकाळी उमलतं. पहिल्या रात्री ते पांढरं असतं, मादीच्या अवस्थेत असतं, गोड वास सोडतं आणि आतून स्वतःला तापवतं. त्या उबेने आणि वासाने भुंगेरे आत येतात. फूल मिटतं आणि ते आत कोंडले जातात. दुसऱ्या संध्याकाळी फूल गुलाबी होऊन उमलतं, आता परागकण तयार असतात, आणि परागांनी माखलेले भुंगेरे दुसऱ्या पांढऱ्या फुलाकडे उडतात. यातला वास, ऊब, रंग बदलणं, काहीही हर्बेरियमच्या कागदावर येत नाही. ते कुणीतरी चिठ्ठीत लिहावं लागतं, किंवा चित्रात काढावं लागतं.

ते काम इथं एका चित्रकार बाईंनी केलं, पण त्याची सुरुवात एका फोटोपासून झाली. कार्लोस माग्दालेना हे क्यूमधले उद्यानतज्ज्ञ. २००६ साली इंटरनेटवर बोलिव्हियातल्या व्हिक्टोरियाचा एक फोटो बघून त्यांना वाटलं की ही त्या दोन जातींपैकी एकही नाही. वाटणं आणि दाखवून देणं यांत बरीच वर्षं गेली. २०१६ साली बोलिव्हियातल्या सांता क्रूझ दे ला सिएराच्या वनस्पती उद्यानाने आणि ला रिंकोनादा या उद्यानाने क्यूला बिया दिल्या. रोपं दोन्ही जुन्या जातींशेजारी वाढवली आणि फरक समोर उभा राहिला. लुसी स्मिथ या वनस्पतिचित्रकार रात्री काचघरात बसून उमललेली फुलं काढत. नतालिया प्शेलोम्स्का आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासलं. मग जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या गेल्या, आणि क्यूच्या संग्रहात हीच वनस्पती १७७ वर्षं पडून होती, हे उलगडलं. बोलिव्हियाच्या राष्ट्रीय हर्बेरियममध्येही ती ३४ वर्षं होती. ४ जुलै २०२२ रोजी 'व्हिक्टोरिया बोलिव्हियाना' ही तिसरी जाती जाहीर झाली. डीएनएवरून ती क्रुझियानाच्या जवळची ठरली. दोघी सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. शतकाहून अधिक काळात या प्रजातीत सापडलेली ही पहिली नवी जाती, आणि तिघींत सर्वांत मोठ्या पानाची. जगातली सर्वांत मोठ्या पानाची कमळवर्गीय वनस्पती एवढी वर्षं नाव नसलेली राहिली, हे माझ्या मते तिच्या आकारामुळेच घडलं.

तिचं घर बघायला मी पुढे बोलिव्हियाला गेले.

ला पाझचा विमानतळ एल आल्तोमध्ये, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर. श्वास पुरत नाही. पहिला दिवस कोकाच्या पानांचा चहा पीत पडून काढायचा. शहर खोल दरीत पसरलेलं आहे आणि जसं खाली उतरावं तशी हवा जरा दाट होते. दक्षिणेकडच्या कोता कोता भागात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय हर्बेरियम आहे. क्यूचे सज्जे आणि जिने इथं नाहीत. साध्या खोल्या आणि कपाटं. पण नोंदींचा दर्जा बघून मी सुखावले. क्यूच्या एकोणिसाव्या शतकातल्या चिठ्ठ्यांवर बऱ्याचदा देश आणि नदी एवढंच असतं. इथल्या चिठ्ठ्यांवर प्रांत, गाव, उंची, अक्षांश-रेखांश, भोवतालची वनस्पती, स्थानिक नाव आणि उपयोगही आहे. आपल्या भूमीवर राहून काम करणाऱ्यांनी केलेल्या नोंदी अशा असतात. पावसात परत जाता येतं, उन्हाळ्यात परत जाता येतं, शेतकऱ्याला पुन्हा विचारता येतं.

ला पाझच्या कोरड्या हवेत नमुना वाळवणं सोपं. बेनीच्या दमट हवेत तो दोन दिवसांत बुरशी धरतो. त्यासाठी संग्राहक वर्तमानपत्रात घातलेल्या नमुन्यांचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून त्यावर अल्कोहोल ओततात आणि पिशवी घट्ट बांधतात. असा गठ्ठा काही आठवडे टिकतो, मग शहरात आणून उबेवर वाळवतात. यात रंग जातो. म्हणून फुलाचा रंग त्याच क्षणी वहीत लिहिलेला हवा. संध्याकाळी तंबूत बसून आठवणीने लिहिलेला रंग भरवशाचा नसतो.

सांता क्रूझ हे सखल प्रदेशातलं मोठं शहर. ला पाझहून विमान अँडीज ओलांडून खाली उतरतं आणि दार उघडताच कोकणातली मे महिन्याची हवा अंगावर येते. शहराबाहेर ला रिंकोनादाचं उद्यान आहे. लोक इथं सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन जेवायला आणि पोहायला येतात, आणि तळ्यात जगातली सर्वांत मोठी कमळपानं तरंगत असतात. नोंदलेलं सर्वांत मोठं पान इथलंच, ३.२ मीटर. तळ्याच्या काठावर उभं राहून बघताना मला हर्बेरियमचा कागद आठवत राहिला. कागदाच्या क्षेत्रफळाशी हिशेब केला तर एका पानाला सत्तरच्या आसपास कागद लागतील. कोण करणार? म्हणून इथं फोटो, मापं आणि चित्रं हीसुद्धा नमुन्याइतकीच महत्त्वाची नोंद ठरते, आणि या जातीच्या शोधाने तेच दाखवून दिलं.

त्रिनिदाद, बेनीची राजधानी, मोटरसायकलींचं शहर. गावाभोवती यानोस दे मोहोस हा पूरमैदानाचा प्रदेश, एक लाख चौरस किलोमीटरहून मोठा. जमीन जवळजवळ सपाट, खाली चिकणमाती, वरून पाऊस आणि अँडीजकडून उतरणाऱ्या नद्या. वर्षातले काही महिने गवताळ माळ पाण्याखाली असतो, काही महिने तोच माळ भेगाळतो. पूर्वीच्या लोकांनी इथं मातीचे उंचवटे, उंच वाफे आणि कालवे बांधले, त्यांच्या खुणा विमानातून अजून दिसतात. २०१३ साली इथल्या तीन नद्यांच्या पाणथळ जागा, मिळून ६९ लाख हेक्टरांहून अधिक, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्या.

मामोरेच्या एका जुन्या, नदीपासून तुटलेल्या वळणात होडीवाल्याने मला नेलं. पानं एकमेकांना रेटत पसरलेली. नवं पान काटेरी गोळ्यासारखं वर येतं आणि उलगडताना शेजारच्या सगळ्यांना बाजूला सारतं. खाली ऊन पोहोचत नाही म्हणून पाणी काळं. होडीवाल्याने वल्ह्याने एक पान उलटं केलं. लालसर जांभळी जाळी, काटे, शिरांमधे छोटे किडे आणि गोगलगायी. मी पट्टी काढली, काठाची उंची मोजली, खाच पाहिली, मिटलेल्या कळीवरचे काटे कुठवर आहेत ते वहीत लिहिलं. ब्रिजेसची सांता आना याच बेनीत, उत्तर-पश्चिमेला. त्याच्या वेळची तळी आता कुठे असतील, नद्या जागा बदलतात. पण त्याच्या कागदामुळे हे नक्की सांगता येतं की १८४५ साली ही वनस्पती याकुमाच्या काठी होती. पूर कमी झाला, माळ नांगरला गेला, नदीवर धरण आलं, तर पुढच्या पिढीला तुलना करायला आधार म्हणून हाच कागद उरेल.

व्हिक्टोरियाच्या नोंदी आजही विरळ आहेत. नकाशावर ठिपके आहेत ते नद्यांच्या काठांनी, जिथे होडी जाते तिथे. आत, जिथे होडी जात नाही, तिथे ठिपका नाही. म्हणून तिथे वनस्पती नाही असं समजू नये. आता क्यू, ला पाझ, पॅरिस आणि इतर संग्रहांच्या अनेक शीटांचे फोटो इंटरनेटवर विनामूल्य आहेत. जागतिक जैवविविधता नोंदींच्या जीबीआयएफ या संकेतस्थळावर 'व्हिक्टोरिया' असं लिहिलं की नकाशा उघडतो. चिठ्ठ्यांचे फोटो मोठे करून वाचावेत. जुनं हस्ताक्षर लागायला वेळ लागतो, पण लागतं.

आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना माझी एक कळकळीची विनंती आहे. कपाटात पिवळे पडलेले विद्यार्थ्यांच्या शीटांचे गठ्ठे जागा अडवतात म्हणून रद्दीत घालू नका. चिठ्ठीवर गाव आणि तारीख असेल, तर ती शीट त्या गावाची नोंद आहे. मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लाटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. त्यांना आधी विचारा. आणि यंदा शीट करणाऱ्या मुलांना सांगा: नाव चुकलं तरी चालेल, ते पुढे कुणीतरी दुरुस्त करेल. ठिकाण, तारीख आणि फुलाचा रंग मात्र त्याच दिवशी, तिथेच लिहा.